माळ्यावरून मंडळात

पुण्याच्या सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराजवळ, भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू आहे. पंधरा लाखांवर ऐतिहासिक कागद आणि सुमारे तीस हजार हस्तलिखिते या वास्तूत जपलेली आहेत. कोणा एका राजाच्या दरबारातून किंवा एका सरकारी कचेरीतून उचलून आणलेला हा संग्रह नाही. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, सरदार, सावकार, वकील, उपाध्ये अशा घराण्यांच्या माळ्यांवरून, फडताळांतून, देवघरातल्या पेट्यांमधून तो रुमाल-रुमाल करत जमला. त्यामुळे मंडळाचा इतिहास सांगायचा म्हणजे या घरांनी आपले कागद परक्या हातांत का दिले आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी त्यांचे काय केले, हे सांगावे लागते.

मंडळापूर्वी

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांनी, १८६७ च्या सुमारास, नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने त्याच्यावर टीकात्मक निबंध लिहिला. परक्या राज्यकर्त्याने लिहिलेल्या इतिहासातल्या चुका दाखवायच्या तर पुरावा हवा आणि तो पुरावा आपल्याच लोकांच्या घरी पडून आहे, ही जाणीव तेव्हापासून वाढत गेली. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले. जुन्या बखरी आणि पत्रे छापून वाचकांच्या हाती देणे हे त्याचे मुख्य काम.

त्यानंतर एकेकट्याने काम करणारी माणसे पुढे आली. मिरजेत संस्कृतचे शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, शिरले आणि १८९७ पासून त्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड एकामागून एक निघू लागले. दत्तात्रेय बळवंत पारसनीस साताऱ्यात कागद, चित्रे आणि ग्रंथ जमवत होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात होती. पुढे या मालेचे बावीस खंड झाले.

सरकारचे पेशवे दप्तर पुण्यातच होते. पण बहुतेक खासगी संशोधकांना त्याची दारे बंद होती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले, ते थेट १९३० ते १९३४ या काळात. तोवर संशोधकापुढे एकच वाट होती. घरांची दारे ठोठावायची आणि दप्तर दाखवा म्हणून विनवायचे.

दार का उघडत नसे

राजवाड्यांसारख्यांना घराघरांत जो नकार मिळत होता, त्याला कारण होते. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. वाडवडिलांना मिळालेली जमीन कोणत्या सनदेने मिळाली ते दाखवा, नाहीतर ती खालसा होईल, असा तो प्रकार होता. कागद दाखवला आणि तो अपुरा ठरला तर इनाम जायचे, नाही दाखवला तरी जायचे. ज्या पिढीने हे पाहिले तिच्या नातवंडांना ‘दप्तर पाहायला माणूस आला आहे’ हे वाक्य शुभ वाटणे शक्य नव्हते.

वतनाची भांडणे ही दुसरी गोष्ट. भाऊबंदांतला वाद दोनदोनशे वर्षे चाले आणि घरातला एखादा महजर (गावसभेचा निर्णय) किंवा निवाडपत्र बाहेर गेले तर प्रतिपक्षाला आयता पुरावा मिळे. अशा कागदांची किंमत घरच्या लोकांना चांगली ठाऊक होती. इतिहासाचे साधन म्हणून त्यांना ती नव्हती. शेताचा, मानपानाचा आणि हक्काचा आधार म्हणून होती. पोळ्याला पहिला बैल कोणाचा आणि होळीची पहिली पोळी कोणाची, हेसुद्धा या कागदांवर ठरत असे.

म्हणून दप्तर हाती लागण्यापूर्वी संशोधकाला त्या घरी बसावे लागे, ओळख काढावी लागे, घराण्याची वंशावळ ऐकून घ्यावी लागे. मिळालेला कागद तिथेच बसून उतरवून घ्यायचा आणि रुमाल जसा होता तसा बांधून परत द्यायचा, हा शिरस्ता होता. एकदा शब्द पाळला की तेच यजमान शेजारच्या गावातल्या सोयऱ्यांकडे चिठ्ठी देत. कागद जमवण्याच्या या कामाचा पाया अशा ओळखींवर घातला गेला.

७ जुलै १९१०

एकट्याने हिंडून किती होणार, हा प्रश्न राजवाड्यांना स्वतःलाच पडला होता. विखुरलेल्या अभ्यासकांना एकत्र बसता यावे, मिळालेला कागद दहा जणांपुढे वाचला जावा, त्यावर वाद व्हावा आणि मग तो छापला जावा, यासाठी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांच्या बरोबरीने सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. मंडळाचा पहिला मुक्काम मेहेंदळ्यांच्या वाड्यातच होता. आप्पा बळवंत चौकाला ज्यांचे नाव आहे ते आप्पा बळवंतही मेहेंदळेच. त्यांचे वडील बळवंतराव १७६० मध्ये पानिपतच्या मोहिमेत लढताना पडले. राजवाड्यांच्या पहिल्या खंडाचा विषय तोच. कागदांतला इतिहास आणि कागद सांभाळणारी माणसे यांत अंतर किती थोडे होते, ते यावरून दिसते.

मंडळाच्या कामाची रीत सुरुवातीपासून साधी राहिली. पाक्षिक सभेत कोणी मिळालेले पत्र वाचे, कोणी शिलालेखाचा ठसा आणे, कोणी एखाद्या तारखेवर टिपण सादर करी. वर्षाकाठी संमेलन होई आणि त्याचे वृत्त छापले जाई. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. सभेत वाचलेले टिपण त्रैमासिकात येई, त्याला कोणी उत्तर लिही, उत्तराला प्रत्युत्तर येई. दोन ओळींच्या पत्रावरून चाललेले असे वाद आज वाचताना जाणवते की या माणसांना एकेक तिथी किती महत्त्वाची वाटत होती.

राजवाड्यांचा स्वभाव संस्थेच्या चौकटीत मावणारा नव्हता. काही वर्षांतच मतभेद होऊन ते मंडळापासून दूर झाले आणि उत्तरायुष्यात धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. एका माणसाने दोन शहरांत दोन संस्थांना जन्म दिला, असे म्हणता येईल. पुण्याचे मंडळ मात्र राजवाड्यांवाचून थांबले नाही. दत्तो वामन पोतदार यांनी दीर्घकाळ चिटणीसपद सांभाळले. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले पोतदार व्याख्यानासाठी महाराष्ट्रभर हिंडत. त्यांच्या पिढीतले दत्तात्रेय विष्णु आपटे कालगणनेत तरबेज होते. शंकर नारायण जोशी यांनी गावोगावची दप्तरे मिळवण्यात आणि वाचण्यात आयुष्य घातले.

कारीच्या घरातली शकावली

घरचा कागद काय करू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण भोरजवळच्या कारी गावचे. तिथल्या जेधे देशमुखांचे घराणे रोहिड खोऱ्याचे वतनदार. १६ जून १६५९ चे अली आदिलशहाचे एक फर्मान प्रसिद्ध आहे. अफझलखानाला सामील व्हा, असा हुकूम त्यात कान्होजी जेध्यांना आहे. कान्होजींनी हुकूम मानला नाही. ते आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांच्या पायाशी गेले, ही हकीकत घराण्याच्या करीन्यात, म्हणजे घराण्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तात, आहे.

याच घराण्यात एक शकावली होती. शके १५४० ते १६१९, म्हणजे १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांच्या तिथिवार नोंदी. ना अलंकार, ना स्तुती. अमक्या शकात अमक्या तिथीला अमके घडले, एवढेच. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी दिली होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर बखरींच्या आधाराने वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष धरले जात होते आणि त्याच हिशेबाने पुढे १९२७ मध्ये त्रिशताब्दीचा उत्सवही झाला.

एका घरातल्या एका कागदावर एवढी मोठी गोष्ट कशी सोडायची? मंडळाने सोडली नाही. दुसरा पुरावा शोधला. शिवाजी महाराजांच्या काळातल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची प्रत सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरला सापडली. मंडळाने ते काव्य १९२७ मध्ये छापले. त्यातली जन्मतिथी शकावलीशी जुळत होती. राजस्थानात मिळालेल्या एका जन्मकुंडलीनेही त्याच तारखेला दुजोरा दिला. मावळातल्या देशमुखाचे घर, कावेरीकाठचा ग्रंथसंग्रह आणि राजस्थानातले ज्योतिषी घराणे, या तिघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. म्हणूनच त्यांची साक्ष भक्कम ठरली. पुढे महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानली.

जेध्यांच्या घरी कोणी शकावली जुनी रद्दी म्हणून टाकून दिली असती, किंवा ती बाहेर द्यायला घराण्याने नकार दिला असता, तर हा वाद आजही मिटला नसता.

रुमालात काय असते

दप्तर उघडले की प्रथम वास येतो: जुना कागद, धूळ, कधी कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड. कापडाच्या चौकोनी रुमालात कागद बांधलेले असतात. कागद हातबनावटीचा, जुन्नरी किंवा दौलताबादी. चिवट आणि खळ दिलेला. शाई काजळाची, लेखणी बोरूची. अक्षर मोडी, बोरू न उचलता वळणावर वळण घेत ओळच्या ओळ लिहिलेले. अशी शाई दोन-तीनशे वर्षांनंतरही काळीभोर राहते. विसाव्या शतकातला छापील कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. हा हातकागद मात्र वाळवी आणि पाणी यांपासून वाचला तर टिकून राहतो.

रुमालातले राजकीय पत्र लगेच डोळ्यांत भरते. शिक्का वर, मजकूर खाली, शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्राअखेर ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असली की मजकूर तिथे संपला. त्यापुढे कोणी काही लिहिले तर ते खोटे. लांब कागद तुकडे जोडून केलेला असेल तर सांध्यांवरही शिक्का मारत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. वतनाच्या भांडणांत बनावट कागदही पुष्कळ तयार झाले. त्यामुळे कागद खरा की खोटा, हे ठरवणे मंडळातल्या अभ्यासकांच्या नित्य कामाचा भाग झाले.

महजर वेगळा. गावच्या सभेने एकत्र बसून दिलेला तो निर्णय. खाली पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार यांच्या साक्षी. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. एका कागदावर सारे गाव उभे राहते. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो अशा महजर-निवाडपत्रांवरच उभा आहे. जपानच्या हिरोशी फुकाझावा यांनी मराठी कागद वाचून अठराव्या शतकातल्या गावगाड्याचा अभ्यास केला. टोकियोतल्या अभ्यासकाला दख्खनचे गाव कळले ते इथल्या घरांनी जपलेल्या कागदांमुळे.

आणि मग येतो तो ढीग, ज्याच्याकडे पहिल्या पिढीने फारसे पाहिले नाही. रोजकीर्द, खतावणी, लग्नातल्या आहेरांच्या याद्या, भोजनखर्च, वैद्याने दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, उसनवारीचे रोखे, तीर्थयात्रेचा जमाखर्च. राजकारण शोधणाऱ्याला यांचे काय? पण बदलापूरच्या नारायण गोविंद चापेकरांनी हाच ढीग हाती घेतला. आपल्या गावावर त्यांनी १९३३ मध्ये ‘आमचा गाव : बदलापूर’ हा ग्रंथ लिहिला होता. १९३७ मध्ये खासगी दप्तरांतल्या जमाखर्चांवरून त्यांनी ‘पेशवाईच्या सावलीत’ सिद्ध केला. तांदूळ काय भावाने मिळे, लुगड्याला किती पडत, गड्याला काय मजुरी, श्राद्धाला किती खर्च, गुलाम कितीला विकला जाई, हे सगळे त्यात आले. लढायांच्या इतिहासात न मावणारा संसार घरच्या हिशेबाच्या वह्यांत शिल्लक होता.

कालनिर्णयाची कसोटी

कागद मिळाला आणि वाचता आला तरी निम्मेच काम झाले. पत्रावर बहुधा वर्ष नसते. ‘छ ५ जिल्काद’ एवढेच असते. चांद्रमासाचा पाचवा दिवस, महिना अरबी, सन कोणता ते पत्र घेणाऱ्याला ठाऊकच होते. जिथे सन आहे तिथेही तो अरबी शब्दांत असतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे हे पत्र १७७१-७२ चे. याशिवाय फसली सन, हिजरी सन, शालिवाहन शक आणि राज्याभिषेक शक आहेतच.

सन नसेल तर मजकुरातून तो काढायचा. पत्रात कोणाच्या मृत्यूचा उल्लेख आहे, फौज कोणत्या मुक्कामी आहे, पर्जन्य झाला की नाही, वार आणि तिथी जुळतात का, हे पाहायचे. इथेच दप्तराच्या घडणीचे मोल कळते. ज्या पुडक्यात हे पत्र बांधलेले होते त्यातली इतर पत्रे एकाच मोहिमेतली असतील तर याचाही काळ ठरतो. पुडके सुटले, कागद विषयवार वेगळे केले, ‘महत्त्वाचे’ एकीकडे आणि ‘किरकोळ’ दुसरीकडे गेले की हा धागा तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. सुरुवातीच्या संशोधकांनी घाईत निवडून काढलेल्या कितीतरी पत्रांबद्दल आज अभ्यासकांना हळहळ वाटते ती यासाठीच. मंडळाने दप्तर घराण्याच्या नावाने ओळखायचे आणि घराण्याच्या नावाने छापायचे हा मार्ग धरला, हे त्याचे मोठे काम.

मंडळाच्या प्रकाशनांची नावेच पाहा. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांच्या घराण्याचे ‘चंद्रचूड दप्तर’ आपट्यांनी १९२० मध्ये संपादिले. सासवडच्या पुरंदऱ्यांचे ‘पुरंदरे दप्तर’ कृ. वा. पुरंदरे यांनी १९२९ पासून प्रसिद्ध केले. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांच्या पत्रांचे ‘हिंगणे दप्तर’ १९४५ आणि १९४७ मध्ये निघाले. १९२६ पासून ‘शिवचरित्र साहित्या’चे खंड येऊ लागले, त्यांत मावळापासून देशापर्यंतच्या लहानमोठ्या घरांतले कागद आले. पुस्तकाच्या कपाळावर घराण्याचे नाव छापल्याने देणाऱ्याचा मान राहिला आणि पुढच्या अभ्यासकाला कागदाचा ठावठिकाणाही कळला.

हिंगणे दप्तराचे संपादक होते गणेश हरी खरे. पनवेलच्या या तरुणाने असहकाराच्या चळवळीत सरकारी शिक्षण सोडले, आणि पुढे आयुष्य मंडळाला दिले. वतनदारांच्या घरी मोडीइतकीच फारशी फर्माने होती. कितीदा वर फारशी आणि खाली मराठी असा जोडमजकूर असे. फारशी येत नाही म्हणून अर्धा कागद सोडून देणे खऱ्यांना पटले नाही. ते फारशी शिकले आणि ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे सहा खंड त्यांनी सिद्ध केले. नाणी, ताम्रपट, शिलालेख, मूर्ती या सगळ्यांत त्यांची गती होती. नवख्या अभ्यासकासाठी १९५१ मध्ये त्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक लिहिले. आपण कष्टाने मिळवलेली गुरुकिल्ली त्यांनी त्यात सर्वांना देऊन टाकली. १९८५ मध्ये ते गेले. मंडळात जो कोणी फारशी कागद उघडतो तो आजही त्यांच्या खंडांशी ताडून पाहतो.

कागदाची किंमत उतरली तेव्हा

विसाव्या शतकाच्या मध्यावर खासगी दप्तरांवर मोठे संकट आले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या १९४८ च्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी वाडे जळाले आणि वाड्यांबरोबर माळ्यावरचे रुमालही गेले. त्यापाठोपाठ कायदे आले. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा १९५० चा, जात (म्हणजे व्यक्तिगत) इनामे रद्द करणारा १९५२ चा, पाटिलकी संपवणारा १९६२ चा. गावगाड्यातली वंशपरंपरागत विषमता संपवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण त्यांचा एक परिणाम कोणी मनात धरला नव्हता. ज्या कागदांना घराने पिढ्यान्‌पिढ्या हक्काचा पुरावा म्हणून जपले, ते एका रात्रीत निरुपयोगी झाले.

त्याच काळात शाळांतून मोडी गेली. आजोबांना वाचता येत होते ते नातवाला गिचमिड वाटू लागले. वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या, माळेच राहिले नाहीत. दप्तरे वजनावर गेली. पुड्या बांधायला, बंबात घालायला, चिकटवून पुठ्ठे करायला. पूर्वी संशोधकाला घरच्या माणसाचा संशय दूर करावा लागे. आता त्याची उदासीनता दूर करावी लागू लागली, आणि हे काम पहिल्यापेक्षा अवघड होते. संशय घेणारा निदान कागद जपून तरी ठेवत असे.

याला मंडळाने दिलेले उत्तर म्हणजे मोडीचे वर्ग. लिपी वाचणारी माणसे तयार झाली नाहीत तर पंधरा लाख कागद असून नसल्यासारखे. वर्गाला येणाऱ्यांत इतिहासाचे विद्यार्थी असतात, निवृत्त नोकरदार असतात, जमिनीचे जुने कागद वाचायची गरज पडलेले वकील असतात. आणि असे कोणीतरी असते ज्याने घरातून एक पिशवी आणलेली असते.

छापील चिठोरी

घरोघरी आता मोडी रुमाल थोडेच उरले आहेत. पण दप्तर संपलेले नाही, त्याचे रूप बदलले आहे. लोखंडी ट्रंकेत आजीची सातवीची सनद आहे, रेशनकार्ड आहे, मुंबईच्या गिरणीतल्या पगाराची पाकिटे आहेत, गणेशोत्सवातल्या मेळ्याच्या पदांची चार पानी पुस्तिका आहे, जत्रेतल्या कुस्त्यांची गुलाबी कागदावरची जाहिरात आहे, लग्नपत्रिका, नाटकाचे हस्तपत्रक, सहकारी सोसायटीचा वार्षिक अहवाल आहे. लग्नपत्रिकेवरची निमंत्रकांची नावे म्हणजे घराण्याचा गोतावळा. गावच्या सोसायटीचा १९५५ चा अहवाल म्हणजे त्या वर्षीच्या पिकाचा आणि कर्जाचा दाखला. मेळ्याच्या पदांत त्या काळचे राजकारण आणि गल्लीतले भांडण एकाच चालीवर म्हटलेले सापडते.

चापेकरांनी ज्या नजरेने भोजनखर्चाच्या वह्या पाहिल्या, त्याच नजरेने हे कागद पाहणारा उद्या येईल. अडचण एवढीच की हा कागद फार कच्चा आहे. लाकडाच्या लगद्याच्या कागदातच आम्ल असते आणि ते त्याला आतून खाते. काजळाच्या शाईचा १७७१ चा रोखा आपल्या नातवंडांनाही वाचता येईल, १९७१ चे हस्तपत्रक तोवर भुगा झालेले असेल.

म्हणून घरात असे काही असेल तर चार गोष्टी आधी पाळाव्यात. कागदाला प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि आत कागद मरत राहतो. चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग अक्षरापेक्षा जास्त टिकतो. रुमालाची गाठ सोडली तरी कागदांचा क्रम मोडू नये. कोणत्या पुडक्यात काय होते ते आधी टिपून ठेवावे. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि सुमाराचे वर्ष लिहावे, आणि ते घरात सर्वांत वडील असलेल्या माणसाला आजच विचारून लिहावे. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राने मूळ कागदाची गरज संपत नाही. कागदाचा पोत, जलचिन्ह, शिक्क्याचा दाब आणि सांध्याचा गोंद छायाचित्रात उतरत नाहीत.

त्यानंतर दप्तर कुठे द्यायचे ते ठरवावे. पुण्याचे मंडळ आहे, धुळ्याचे राजवाडे मंडळ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणची जुनी ग्रंथालये आहेत, राज्याचे पुराभिलेखागार आहे. घराण्याला मूळ कागद द्यायचे नसतील तर प्रती करून घेऊ द्याव्यात. राजवाड्यांच्या काळापासून ती वाट मोकळी आहे. आणि देताना चार ओळी लिहून द्याव्यात: दप्तर कोणत्या घराण्याचे, मूळ गाव कोणते, घरात ते कुठे ठेवलेले होते, आजवर कोणी सांभाळले. कारीच्या शकावलीबद्दल ही माहिती होती म्हणून तिची साक्ष उभी राहिली. या चार ओळी घरच्या माणसाखेरीज दुसरे कोणी लिहू शकत नाही.